खंबीर मनाने कॅन्सर बरा होतो?

‘मन खंबीर ठेव, कॅन्सर पळून जाईल,’ असं भेटायला येणारे रुग्णाला सांगतात. हे खरं नाही. डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाची मनःस्थिती आणि तो किती काळ जगला, यांत संबंध आढळला नाही. कॅनडात शरीरभर पसरलेल्या स्तनांच्या कॅन्सरच्या २३५ स्त्रियांचा अभ्यास २००१ मध्ये आला. गटोपचाराने, म्हणजे समुपदेशकासोबत गटात बसून मन मोकळं करण्याने, आयुष्य वाढलं नाही. मात्र उदासी आणि वेदना कमी झाल्या, विशेषतः आधीच जास्त त्रासात असलेल्यांच्या. समुपदेशन घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे! पण आजार बळावला की घरातच ‘हिनेच धीर सोडला’ असं म्हटलं जातं, ते फार क्रूर आहे. रडल्याने गाठ वाढत नाही. तिला रडू द्या, आणि केमोच्या तारखेला सोबत जा.