किडनीवरच्या गाठीचं ऑपरेशन योजनेतून: कागद कोणते, कधी आणि कुठे

सोनोग्राफी केली पित्ताशयातल्या खड्यांसाठी आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत निघालं, ‘राइट सुप्रारीनल मास’. आमच्या मावशींचं असंच झालं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मावशीच्या किडनीला गाठ आहे. ही गाठ किडनीची नसते. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. पुस्तकात तिला अधिवृक्क म्हणतात, दवाखान्यात अ‍ॅड्रेनल. गाठ तिथली. काउंटरवर ‘किडनी’ म्हणून सांगितलं तर भलत्याच ओपीडीचा केसपेपर निघतो आणि अख्खा दिवस जातो, म्हणून सोनोग्राफीचा कागद पुढे करायचा आणि शब्द वाचून दाखवायचा.

दुसरी गोष्ट आधीच सांगतो. या आजारात हार्मोनच्या तपासण्या झाल्याशिवाय ऑपरेशन होत नाही, व्हायलाही नको. सरकारी आरोग्य योजनेची मंजुरीसुद्धा त्याच रिपोर्टांवर चालते. त्यामुळे ‘आधी मंजुरी आणा, मग तपासू’ असं चालत नाही. तपासण्या आणि कागद दोन्ही एकाच वेळी हलवायचे.

योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि तिला जोडलेली आयुष्मान भारत. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत मराठवाड्यातला एकटा नांदेड होता. तेव्हा पांढऱ्या रेशनकार्डाला जागा नव्हती. पुढे शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांना सातबारा दाखवून प्रवेश मिळाला, त्यात आपल्या मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. १ जुलै २०२४ पासून दर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि पिवळं, अंत्योदय, केशरी, पांढरं, कोणतंही कार्ड चालतं. रेशनकार्डच नसेल तर अधिवास प्रमाणपत्र. तरी सातबारा पिशवीत असू द्या, जुन्या सवयीने अजून कोणी मागतं. घरातलं माणूस ७० वर्षांचं किंवा त्यापुढचं असेल तर उत्पन्न न बघता आधारवर आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, ते आधी काढा.

कागद थोडेच आहेत, अडचण नावांची आहे. मूळ रेशनकार्ड आणि त्याचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक, आधार, आणि आधारला जोडलेला मोबाईल जवळ असलेला माणूस. मावशींच्या आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डात सासरचं, आणि ओटीपी जायचा तो नंबर पुण्यात कंपनीत कामाला असलेल्या मुलाच्या खिशात. कार्डात नाव नसेल किंवा जुळत नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत, आधारातली चूक असेल तर आधार केंद्रात. हे पेशंट भरती झाल्यावर करायला निघालात तर फार धावपळ होते. आयुष्मान कार्ड आपले सरकार सेवा केंद्रावर किंवा आशाताईंकडून फोनच्या ॲपवर निघतं.

आता रुग्णालय. योजनेत रुग्णालयाला ‘अंगीकृत’ म्हणतात, आणि ते सगळ्याच आजारांसाठी अंगीकृत असतं असं नाही. गेटवर बोर्ड आहे एवढ्यावर विश्वास टाकू नका. आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, सरळ विचारा: अ‍ॅड्रेनॅलेक्टॉमी, म्हणजे ही ग्रंथी काढण्याचं ऑपरेशन, इथे योजनेत होतं का, कोणत्या विभागाखाली आणि दुर्बिणीने होतं का. आयुष्मानच्या यादीत ते युरोलॉजीखाली आहे. छत्रपती संभाजीनगरची घाटी (तिथलं शासकीय रुग्णालय), अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेड विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, यांपैकी जवळच्या ठिकाणी आधी दाखवावं. तिथून पुढे पाठवायचं असेल तर त्यांचंच रेफर पत्र कामी येतं. मुंबईच्या केईएमला हार्मोनतज्ज्ञांचा स्वतंत्र विभाग आहे. गुंतागुंतीची गाठ असेल तर तिकडे जाण्यात अर्थ आहे. नांदेड, लातूर, धाराशिवकडची मंडळी हैदराबाद धरतात. धरा, पण तिथलं रुग्णालय तुमचं कार्ड घेतं का हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्या. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८, आयुष्मानचा १४५५५.

तपासण्यांवर जास्त लिहितो, कारण माणसं इथेच चुकतात.

अशा बहुतेक गाठी साध्या असतात आणि काही करत नाहीत. डॉक्टरांना दोनच प्रश्न सोडवायचे असतात: ही कॅन्सरची आहे का, आणि ही हार्मोन जास्त सोडते का. पहिल्यासाठी सीटी स्कॅन, तोही आधी रंगाचं इंजेक्शन न देता. त्यात गाठीची घनता १० हाउन्सफील्ड युनिट किंवा त्याहून कमी आली आणि गाठ एकसारखी दिसली तर ती साधी. ४ सेंमीच्या पुढची, आतून खडबडीत असली तर काळजी वाढते. सुई टाकून तुकडा काढायची घाई कोणी करत असेल तर थांबवा. एका प्रकारच्या गाठीला सुई लागली तर बीपी जीवघेणं चढतं, आणि तो प्रकार नाही हे आधी सिद्ध व्हावं लागतं.

तो प्रकार म्हणजे फिओक्रोमोसायटोमा. अचानक डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, घामाने पदर भिजतो, आणि अर्ध्या तासात सगळं शांत. गावात याला घाबरणं म्हणतात, कधी बाहेरचं झालं म्हणतात. याची तपासणी मेटानेफ्रिन, रक्तात किंवा २४ तासांच्या लघवीत. लघवीसाठी लॅबकडून मोठा कॅन मिळतो. त्यात बहुतेक वेळा आम्ल असतं, म्हणून थेट कॅनमध्ये करायची नाही, मगात धरून ओतायची. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, घड्याळ बघून वेळ लिहायची, मग दिवसभर आणि रात्रीची सगळी गोळा करायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून बंद करायचं. मावशींनी पहिल्यांदा पहिलीसुद्धा धरली, वर एक वेळ लग्नाच्या घरी गेली. परत केली. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या लॅबला आणि डॉक्टरला सांगायच्या. साधी पॅरासिटामॉलसुद्धा काही पद्धतींत आकडा बिघडवते.

दुसरं हार्मोन कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड. त्यासाठी रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅम गोळी घ्यायची आणि सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान रक्त द्यायचं. गोळी ०.५ ची मिळाली तर दोन. आकडा १.८ मायक्रोग्रॅम किंवा खाली आला तर ठीक. इथे एक कबुली द्यावीच लागते: गुडघेदुखीच्या, दम्याच्या पुड्या, बाजारातल्या ‘गुणकारी’ गोळ्या, पाठीत घेतलेली इंजेक्शनं. यांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. त्याने चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे चट्टे येतात, तपासणीचा आकडाही बिघडतो. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. बीपी असेल किंवा पोटॅशियम कमी असेल तर अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (बीपी आणि अंगातलं मीठ-पाणी सांभाळणारी) हीसुद्धा तपासणी लागते. दोन्ही बाजूच्या ग्रंथी सुजलेल्या दिसल्या तर टीबीही शोधतात. आपल्याकडे ते कारण सापडतं.

यातल्या बऱ्याच तपासण्या तालुक्याला होत नाहीत, रक्त पुण्या-मुंबईला जातं. योजनेचं पॅकेज भरतीचं असतं. आयुष्मानमध्ये भरतीआधीच्या ३ दिवसांच्या आणि सुटीनंतरच्या १५ दिवसांच्या तपासण्या-औषधं धरलेली असतात. त्याआधी ओपीडीत झालेला खर्च बऱ्याचदा खिशातून जातो. म्हणून जिथे ऑपरेशन व्हायचं तिथेच तपासण्या करा, बाहेर दोनदा पैसे घालू नका. प्रत्येक पावती आणि मूळ रिपोर्ट एका फायलीत.

रिपोर्ट हातात आले की आरोग्यमित्र पूर्वपरवानगीसाठी ऑनलाइन पाठवतो: सीटीची फिल्म आणि रिपोर्ट, हार्मोनचे आकडे, डॉक्टरांची टिपणं, पेशंटचा फोटो. वरून शंका आली, म्हणजे ‘क्वेरी’ पडली, तर घाबरायचं नाही. बहुतेक वेळा एखादा रिपोर्ट राहिलेला असतो. आमच्या वेळी मेटानेफ्रिनचा रिपोर्ट जोडायलाच विसरले होते आणि आम्ही चार दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढले. त्या दिवसापासून मी आरोग्यमित्राला रोज एकदा विचारायला लागलो, ‘स्टेटस काय दाखवतंय?’ मंजुरीनंतर पॅकेजमधल्या गोष्टींसाठी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. आधी जिल्हा समन्वयक, मग १५५३८८.

फिओक्रोमोसायटोमा असेल तर मंजुरी आली म्हणून दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होत नाही. आधी साधारण ७ ते १४ दिवस प्राझोसिनसारखी अल्फा गोळी, सोबत पाणी आणि मीठ वाढवून. धडधडीची बीटा गोळी त्यानंतरच. उलटं झालं तर बीपी भडकतं. बीपीच्या पेशंटला मीठ वाढवा म्हणतात तेव्हा घरची मंडळी गोंधळतात. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर ते खरं आहे. भरतीची तारीख हे दिवस धरून मागा.

योजनेत बसलंच नाही, तर पुढची दारं. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनसाठी १ लाख ८० हजार, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. त्यानंतर मुख्यमंत्री सहाय्यता निधी: उत्पन्न १ लाख ६० हजारांपर्यंत, आणि आजार त्यांच्या यादीत हवा. कॅन्सरची शस्त्रक्रिया यादीत आहे, साध्या गाठीचं आधी विचारून घ्या. अर्जासोबत आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट, खर्चाचं अंदाजपत्रक, आणि खासगी रुग्णालय असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात आणि सुटी झाल्यावर अर्ज करून उपयोग नसतो. दोन्हीकडे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो सेतूतून निघायला दिवस लागतात, म्हणून सोनोग्राफीत गाठ दिसली त्याच आठवड्यात टाकून द्या.

रुग्णालयातून सुटी होते त्या दिवशी डिस्चार्ज कार्ड, गाठीच्या तुकड्याचा पॅथॉलॉजी रिपोर्ट (तो उशिरा येतो, कधी येणार ते विचारून ठेवा) आणि परतीच्या भाड्याचे पैसे रुग्णालयाकडून घ्या. कॉर्टिसॉलवाली गाठ काढली असेल तर उरलेली ग्रंथी झोपलेली असते आणि काही महिने स्टिरॉइडची गोळी चालते. उपवास असो, वारी असो, ती गोळी स्वतःहून बंद करायची नाही. मावशींनी ती चिठ्ठी देव्हाऱ्याशेजारी भिंतीला चिकटवली आहे, गोळीचं नाव आणि वेळ मोठ्या अक्षरात, खाली डॉक्टरांचा नंबर.