हालचाल शरीरापासून सुटी होताना

अमेरिकी नर्तकी लोई फुलर १८९२मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आली, तेव्हा रंगमंचावरचा विजेचा झोत हेच एक नवल होतं. पायघोळ रेशमी झग्याच्या आत लांब कांड्या धरून ती कापड घुमवायची आणि त्यावर रंगीत झोत पडायचे. कांड्या लावलेल्या या पोशाखाचं अमेरिकी पेटंटही तिने १८९४मध्ये मिळवलं. प्रेक्षकांना दिसायचं ते कापड आणि उजेड. बाई त्यातच लपलेली.

यंत्राला नर्तकाची चाहूल लागू लागली ती बऱ्याच उशिरा. १९६५मध्ये न्यू यॉर्कला नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी ‘व्हेरिएशन्स फाइव्ह’ सादर केलं. रंगमंचावर अँटेना आणि फोटोसेल, म्हणजे उजेड ओळखणारी उपकरणं, बसवली होती. नर्तक जवळून गेला किंवा त्याने झोत अडवला, की ध्वनियंत्रणेला इशारा जायचा. त्यातून प्रेक्षकांच्या कानावर काय घालायचं, हे मात्र वादकांच्याच हातात होतं. आज ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणून जे मिरवलं जातं, त्यातलं बरंचसं यापेक्षा पुढे गेलेलं नाही.

खरी उलथापालथ रंगमंचावर झालीच नाही. ती तालमीच्याही आधी, संगणकाच्या पडद्यावर झाली. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात ‘लाइफफॉर्म्स’ नावाचं सॉफ्टवेअर तयार झालं. सत्तरीत पोहोचलेल्या आणि संधिवाताने जखडलेल्या कनिंगहॅम यांनी ते वापरायला घेतलं. पडद्यावरच्या आकृतीचे पाय आधी रचायचे, हात वेगळे, धड वेगळं, आणि मग सगळं एकमेकांवर चढवायचं. नैसर्गिक तोल सांभाळणाऱ्या शरीराला जे सुचलंच नसतं, ते असं जुळून यायचं. १९९१च्या ‘ट्रॅकर्स’मध्ये नर्तकांना ते प्रत्यक्ष करून दाखवावं लागलं. त्यांचे काय हाल झाले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

पुढचा टप्पा मोशन कॅप्चरचा. नर्तकाच्या सांध्यांवर परावर्तक ठिपके चिकटवायचे. कॅमेरे फक्त त्या ठिपक्यांचा प्रवास टिपतात. चेहरा, घाम, धाप काहीच येत नाही. कनिंगहॅम यांच्याच १९९९च्या ‘बायपेड’मध्ये डिजिटल कलाकार पॉल कायझर आणि शेली एश्कर यांनी अशा नोंदींतून रेषांच्या आकृत्या घडवल्या. पुढच्या पारदर्शक पडद्यावर त्या तरळत आणि मागे खरे नर्तक नाचत.

हालचाल एकदा फाइल झाली, की तिची विक्री आलीच. ‘फोर्टनाइट’ या खेळात नाचाचे तुकडे पैसे घेऊन विकले जाऊ लागले आणि २०१८पासून कलाकार कोर्टाची पायरी चढू लागले. आपल्या रचनेतला तुकडा या खेळात उचलल्याचा नृत्यदिग्दर्शक काइल हानागामी यांचा दावा खालच्या कोर्टाने २०२२मध्ये फेटाळला. काही क्षणांच्या चार-दोन पवित्र्यांवर हक्क कसला, असा त्याचा एकूण सूर होता. २०२३मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. नृत्यरचना म्हणजे नुसते सुटे पवित्रे नव्हेत. वेग, ठेका, एका हालचालीतून दुसरीत जाणं हेही त्या रचनेतच मोडतं, असं या कोर्टाने म्हटलं.