शेअर्ड फोल्डर : कोणी बघायचे, कोणी बदलायचे

सर्व्हरवरचा फोल्डर सगळ्यांना शेअर करून देणे हे पाच मिनिटांचे काम आहे. त्याच फोल्डरमधली पगाराची फाइल फक्त दोघांनाच उघडता यावी, हे मात्र पाच मिनिटांत होत नाही. झाल्यासारखे वाटले, तर बहुधा काहीतरी राहून गेलेले असते. आमच्या ग्राहकांचे याबद्दलचे प्रश्न त्याच त्या चार-पाच गोष्टींभोवती फिरतात, म्हणून त्या इथे एकदा सविस्तर लिहून ठेवत आहोत. माहिती मुख्यतः विंडोज सर्व्हरची आहे. लिनक्सवर फोल्डर शेअर करण्यासाठी सांबा हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी पुढे थोडे आहे.

एका फोल्डरला दोन कुलपे

फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे शेअरिंग आणि सिक्युरिटी असे दोन वेगळे टॅब दिसतील. सगळा घोळ सुरू होतो तो इथून.

शेअरिंगमधल्या परवानग्या फक्त नेटवर्कवरून येणाऱ्याला लागू होतात आणि त्या तीनच आहेत : रीड, चेंज आणि फुल कंट्रोल. सिक्युरिटी टॅबमध्ये असतात त्या एनटीएफएस (डिस्कवर फाइली ठेवण्याची विंडोजची पद्धत) परवानग्या. त्या डिस्कवरच्या फाइलींनाच चिकटलेल्या असतात, त्यामुळे माणूस थेट सर्व्हरसमोर येऊन बसला तरी त्या चुकत नाहीत. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही कुलपे उघडावी लागतात, आणि दोन्हींत जे कडक असेल तेच चालते. सिक्युरिटीत मॉडिफाय (वाचणे, बदलणे, डिलीट करणे) दिले पण शेअरिंगमध्ये नुसते रीड राहिले, तर त्या माणसाला फाइल वाचता येते, सेव्ह करता येत नाही. ‘सगळ्या परवानग्या दिल्यात, तरी सेव्ह होत नाही’ असा फोन आला की आम्ही आधी शेअरिंग टॅब बघायला सांगतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’मधून नवीन शेअर तयार करताना विंडोज तिथे सर्वांना फक्त रीड देऊन ठेवते, आणि ते बदलायचे राहून जाते.

शेअरिंगमध्ये ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देऊन सगळा बंदोबस्त सिक्युरिटीत करायचा, अशीही एक पद्धत आहे. ती चालते, पण आम्ही ती वापरत नाही. जो फाइल तयार करतो तो तिचा मालक ठरतो, आणि मालकाला स्वतःच्या फाइलीच्या परवानग्या बदलता येतात. शेअरिंगमध्ये फुल कंट्रोल असेल तर हा उद्योग त्याला आपल्या जागेवर बसल्या बसल्या करता येतो. म्हणून शेअरिंगमध्ये ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ना (म्हणजे स्वतःच्या खात्याने लॉगिन केलेल्यांना) चेंज, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरना फुल कंट्रोल, आणि बारीक हिशेब सगळा सिक्युरिटीत. सिक्युरिटीतही कर्मचाऱ्यांना मॉडिफायच्या वर जाऊ नका. रोजच्या कामाला तेवढे पुरते.

परवानगी माणसाला नको, कामाला द्या

फोल्डरवर माणसांची नावे एकेक करून टाकणे सोपे वाटते. वर्षभरात तीन जण गेले, दोघे नवे आले, एकाचा विभाग बदलला, की कोणत्या फोल्डरवर कोणाचे नाव आहे हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक महत्त्वाच्या फोल्डरसाठी दोन ग्रुप करा, उदाहरणार्थ ‘लेखा-वाचन’ आणि ‘लेखा-बदल’. फोल्डरवर फक्त हे ग्रुप ठेवायचे. माणसे बदलली की ग्रुपमध्ये आत-बाहेर करायची, फोल्डरला हात लावायचा नाही.

नव्या ग्रुपमध्ये टाकलेल्या माणसाला एकदा लॉग ऑफ करून पुन्हा लॉगिन करायला सांगा. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळीच ठरते, त्यामुळे तोपर्यंत जुनेच चालू राहते. हे माहीत नसले की माणूस अर्धा दिवस परवानग्या उलटसुलट करत बसतो, आणि संध्याकाळी संगणक बंद करून सकाळी चालू केला की सगळे ‘आपोआप’ सुरळीत झालेले असते!

नोकरी सोडून गेलेल्याचे खाते लगेच डिलीट करू नका, डिसेबल करा. विंडोज माणसाला नावाने नव्हे, एका लांबलचक ओळख क्रमांकाने ओळखते. खाते उडवले की फोल्डरच्या यादीत नावाऐवजी तो क्रमांक उरतो. पुढे त्याच नावाने नवे खाते काढले तरी क्रमांक वेगळा असतो, त्यामुळे जुन्या परवानग्या परत येत नाहीत.

‘डिनाय’ला शक्यतो हात लावू नका

एक माणूस दोन ग्रुपमध्ये असेल तर त्याला दोन्हीकडच्या परवानग्यांची बेरीज मिळते. पण एकाच पातळीवर एका ग्रुपला डिनाय, म्हणजे स्पष्ट मनाई, असेल, तर तो बेरजेवर पाणी फिरवतो. लेखा फोल्डरवर ‘सर्व कर्मचारी’ या ग्रुपला डिनाय लावले, की लेखापालही बाहेर, कारण तोही कर्मचारीच. मालकांचे खाते त्या ग्रुपमध्ये असेल तर तेही बाहेर. त्यातही एक मेख आहे : वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेला डिनाय खालच्या फोल्डरवर थेट दिलेल्या परवानगीपुढे हरतो. म्हणजे जिथे नको तिथे अडवतो आणि जिथे हवा तिथे कधी कधी अडवत नाही. ज्याला आत येऊ द्यायचे नाही त्याला परवानगी देऊच नका. यादीत ज्याचे नाव नाही आणि ज्याचा कोणताही ग्रुप नाही, त्याला विंडोज तसेही आत घेत नाही.

वारसा तोडावा, पण एकाच पायरीवर

खालचा फोल्डर वरच्याच्या परवानग्या घेतो. गोपनीय फोल्डरसाठी अ‍ॅडव्हान्स्ड बटणाखाली हा वारसा बंद करता येतो. तेव्हा विंडोज विचारते : आलेल्या परवानग्या ठेवायच्या की काढायच्या? ठेवा, आणि मग ‘यूजर्स’सारख्या नको त्या नोंदी एकेक करून काढा. ‘सिस्टीम’ आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या नोंदी राहू द्या, नाहीतर बॅकअप अडखळू शकतो. हा तोडण्याचा प्रकार मुख्य शेअरच्या लगेच खालच्या पायरीवरच करा. पाच पायऱ्या खोल जाऊन कुठेतरी तोडलेला वारसा पुढे तुम्हालाच सापडणार नाही. एखादा उपफोल्डर फारच वेगळा असेल तर त्याला वर आणून स्वतंत्र फोल्डर करावा, हे आमचे ठाम मत.

फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात ओढून नेण्याचाही असाच एक फटका आहे. कॉपी केलेली फाइल नव्या जागेच्या परवानग्या घेते. पण त्याच ड्राइव्हवर नुसती हलवलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत घेऊन जाऊ शकते. मग सामाईक फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल सहकाऱ्यांना उघडत नाही, किंवा त्याहून वाईट, सामाईक फोल्डरमधून गोपनीय फोल्डरमध्ये नेलेली फाइल सगळ्यांना उघडत राहते. अशा वेळी कॉपी करा, नवी फाइल उघडून बघा, मग जुनी काढा.

लपवणे म्हणजे कुलूप नव्हे

शेअरच्या नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह लावले की तो नेटवर्कच्या यादीत दिसत नाही. पण नाव ठाऊक असणारा ते टाइप करून तिथे पोचतो. त्यापेक्षा सर्व्हर मॅनेजरमध्ये शेअरच्या सेटिंग्जमधली ‘अ‍ॅक्सेस-बेस्ड एन्युमरेशन’ ही सोय चालू करा. मग ज्याला परवानगी नाही त्याला तो फोल्डर दिसतच नाही, आणि ‘तो फोल्डर मला का उघडत नाही?’ ही विचारणाही थांबते. हीसुद्धा परवानग्या नीट लावल्यावरचीच सोय आहे.

ज्याला फक्त वाचायचे आहे त्याला फक्त रीड द्या, हा आग्रह केवळ गोपनीयतेसाठी नाही. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, ज्याच्या लॉगिनमधून चालते, त्याला सर्व्हरवर जिथे जिथे लिहिता येते तिथल्या फाइली ते कुलूपबंद करू शकते. शिवाय एसएमबी १ हा फाइल शेअरिंगचा जुना प्रकार सर्व्हरवर अजून चालू असेल तर तो बंद करा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर त्यातल्याच त्रुटीतून पसरले, आणि मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती त्याआधी मार्चमध्येच दिलेली होती. एखादा जुना स्कॅनर या प्रकारावर अडून बसलेला असेल तर बंद करण्याआधी आम्हाला सांगा.

सांबावर शेअरची यादी वेगळ्या नावांनी लिहिली जाते. ‘व्हॅलिड यूजर्स’मध्ये आत येणारे, ‘राइट लिस्ट’मध्ये बदल करणारे, आणि ‘हाइड अनरीडेबल’ चालू केले की वाचता न येणारे दिसेनासे होते. कुलपे तिथेही दोनच. लिनक्सच्या स्वतःच्या फाइल परवानग्या आड आल्या तर सांबाने कितीही मुभा दिली तरी उपयोग नाही.

तपासून बघताना

अ‍ॅडव्हान्स्डमधल्या ‘इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस’मध्ये एखाद्याचे नाव टाकले की त्याला नक्की काय मिळते ते दिसते. तरी आमचा भरवसा प्रत्यक्ष त्या माणसाच्या लॉगिनने फाइल उघडून, बदलून, डिलीट करून बघण्यावर. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून केलेली चाचणी चाचणीच नाही. आपल्याच लॉगिनमध्ये राहून त्याच सर्व्हरला दुसऱ्या नावाने जोडू गेलात तर विंडोज नकार देते. आधीचे जोडलेले ड्राइव्ह तोडा, किंवा सरळ लॉग ऑफ करून त्याच्या नावाने लॉगिन करा.

आमचा माणूस येण्याआधी

एक कागद घ्या. उभ्या बाजूला फोल्डरांची नावे लिहा, आडव्या बाजूला कामे : लेखा, विक्री, भांडार, व्यवस्थापन. प्रत्येक चौकोनात ‘वाचन’ किंवा ‘बदल’ लिहा. माणसांची नावे नकोत. हा कागद भरताना कार्यालयात थोडी वादावादी होतेच, ती आमचा माणूस येण्याआधी उरकलेली बरी. कागदावर निर्णय घेणाऱ्याची सही हवी. आणि चौकोन रिकामा असेल तर तिथे प्रवेश नाही असेच आम्ही धरतो, तेव्हा कागद देण्यापूर्वी रिकामा ठेवलेला प्रत्येक चौकोन पुन्हा एकदा बघून घ्या.