‘प्रयत्ने वाळूचे कण’ : सुटून आलेल्या एका ओळीची पार्श्वभूमी

‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही ओळ शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारात, गुणगौरवाच्या भाषणांत आणि वडीलधाऱ्यांच्या उपदेशात इतकी रुळली आहे की, प्रयत्न केल्यास अशक्यही साध्य होते, एवढाच तिचा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. मूळ श्लोक मात्र प्रयत्नाच्या थोरवीसाठी रचलेला नाही. त्याचा विषय माणसाचा हट्टी मूर्खपणा हा आहे.

हा श्लोक संस्कृत कवी भर्तृहरीच्या नीतिशतकातला असून १७व्या शतकात वामन पंडितांनी तो मराठीत आणला. मूळ संस्कृत श्लोक पृथ्वी वृत्तात आहे, तर वामनांनी शिखरिणी योजली. चरणातली अक्षरे दोन्हीकडे सतराच. पूर्ण श्लोक असा आहे :

प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलहि गळे
तृषार्ताची तृष्णा मृगजळ पिऊनीहि वितळे
सशाचेही लाभे विपिन फिरता शृंगहि जरी
परंतू मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी

पहिल्या तीन चरणांत एकाहून एक असंभव गोष्टी घडू शकतील असे मानून घेतले आहे, ते केवळ चौथ्या चरणातली गोष्ट, म्हणजे मूर्खाचे मन वळवणे, त्यांहूनही अवघड ठरावी म्हणून. वाळूतून तेल काढणे हा येथे आदर्श नसून तुलनेची पहिली पायरी आहे.

हा मूर्ख कोण, हे भर्तृहरीने शेजारच्याच एका श्लोकात सांगितले आहे. अजाण माणसाची समजूत सहज घालता येते, जाणकाराची त्याहून सहज. पण ज्ञानाच्या एका कणाने फुगलेल्या माणसाला ब्रह्मदेवही संतुष्ट करू शकत नाही. म्हणजे निरक्षर किंवा भोळ्या माणसाची ही निंदा नव्हे. मला हा भेद फार मोलाचा वाटतो, कारण अर्धवट जाणणाऱ्याच्या आग्रहाचे इतके नेमके निदान नीतिकाव्यात क्वचितच आढळते. वामनांचे समकालीन असलेल्या समर्थ रामदासांनीही दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्या समासात मूर्खाची लक्षणे सांगितल्यावर दहाव्या समासात पढतमूर्खाचा स्वतंत्र विचार केला. त्या शतकातील मराठी विचारवंतांना हा स्वभावदोष किती महत्त्वाचा वाटत होता, हे त्यावरून दिसते.

भर्तृहरीची शतके, म्हणजे शंभर-शंभर श्लोकांचे संग्रह, अशी सुट्या श्लोकांनीच प्रवास करत आली आहेत. नीती, शृंगार आणि वैराग्य मिळून नावाप्रमाणे ३०० श्लोक असायला हवेत. परंतु गोव्यात जन्मलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी देशभरातील शेकडो हस्तलिखिते पडताळून १९४८ साली चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा निरनिराळ्या परंपरांत समान म्हणता येतील असे श्लोक सुमारे २०० निघाले. बाकीचे लोकांच्या पसंतीप्रमाणे शिरले किंवा गळले होते. जेथे श्लोक एकमेकांपासून इतके सुटे होते, तेथे श्लोकातला एखादा चरण सुटा होणे नवलाचे नाही.

मराठीत हे घडण्यास पाठांतराची परंपरा कारणीभूत झाली असावी. ‘सुश्लोक वामनाचा’ अशी ख्याती असलेली ही रचना कीर्तनकारांच्या तोंडी होती. पुढे परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या १८५४ सालच्या ‘नवनीत’ या काव्यसंग्रहामुळे वामनांसह जुने कवी शाळांतून वाचले जाऊ लागले. पाठ केलेल्या श्लोकाची पहिली ओळ सर्वांत जास्त टिकते. शिवाय या ओळीची सुरुवातच ‘प्रयत्ने’ अशी असल्याने विद्यार्थ्याला उद्योगाचा उपदेश करू पाहणाऱ्या शिक्षकाला ती आयतीच उपयोगी पडली.

रामदासांच्या ‘जनी सर्व सुखी असा कोण आहे’ या चरणाचेही असेच झाले. आपण तो दुःखितांच्या सांत्वनासाठी म्हणतो. पण मनाच्या श्लोकांत त्याच्यापुढे ‘मना त्वाचि रे पूर्वसंचित केले’ असे बजावून भोगाची जबाबदारी ज्याची त्याच्यावर टाकली आहे.

वामनांच्या चौथ्या चरणातला आशय मात्र मराठीतून नाहीसा झाला नाही. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ आणि ‘गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता’ या म्हणी तो आशय वेगळ्या शब्दांत बोलतच होत्या. हट्टी मूर्खासाठी भाषेजवळ अशी घरगुती शब्दकळा आधीच असल्यामुळे श्लोकाच्या शेवटाची गरज कोणाला भासली नसावी, असे मला वाटते.