युद्ध संपलं, समुद्राला विसावा नाही

दोन्ही महायुद्धांत युरोपच्या उत्तर समुद्रातली मासेमारी बरीचशी बंद पडली होती. पाण्यात सुरुंग, खाली पाणबुड्या; जाळी टाकायला जाणार कोण? युद्ध संपून बोटी पुन्हा निघाल्या तेव्हा पूर्वीपेक्षा मोठे, जास्त वयाचे मासे मिळू लागले. समुद्राला विश्रांती दिली तर तो भरून येतो, हे त्या युद्धांनी दाखवून दिलं.

श्रीलंकेच्या उत्तर किनाऱ्यावर मात्र तसं घडलं नाही. १९८३ ते मे २००९ या यादवी युद्धाच्या काळात जाफना, मन्नारकडच्या तमिळ मच्छीमारांवर कडक बंधनं होती. रात्री बाहेर पडायचं नाही, जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं नाही, किनाऱ्याचे काही पट्टे तर पूर्ण बंद. पण समोरच तमिळनाडू. तिथले ट्रॉलर, म्हणजे तळावरून जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी, या मोकळ्या पाण्यात येऊ लागले आणि युद्ध थांबल्यावरही येत राहिले.

तमिळनाडू आणि उत्तर श्रीलंका यांच्यामधला पाल्कचा उपसागर बहुतेक ठिकाणी १५ मीटरहूनही उथळ आहे. तळापर्यंत ऊन पोचतं, म्हणून तिथे समुद्री गवताची कुरणं आहेत. हे शेवाळ नव्हे. याला मुळं असतात, फुलंही येतात. कोळंबीची पिल्लं नि चिंबोऱ्या त्यातच वाढतात. ट्रॉलच्या जाळ्याचं तोंड उघडं ठेवायला दोन्ही बाजूंना जड फळ्या असतात आणि खालच्या दोराला साखळी. ती साखळी तळ खरवडत जाते. गवत उपटलं जातं, गाळ उठतो, आणि जे गवत उरतं त्यालाही गढूळ पाण्यात ऊन मिळत नाही.

म्हणूनच जेटी, बर्फाचे कारखाने, नव्या फायबरच्या होड्या एवढ्यालाच विकास म्हणणं मला पटत नाही. या धंद्याचं खरं भांडवल तळाशी आहे. श्रीलंकेनं २०१७ मध्ये ट्रॉलिंगवर बंदी घातली. त्याच वर्षी भारतानं पाल्कमधले २,००० ट्रॉलर हटवून त्याजागी खोल समुद्रातल्या ट्यूनासाठी, म्हणजे आपल्या कुप्यासाठी, बोटी देण्याची योजना आणली. ती फार रखडली. ट्रॉलरवरचा खलाशीही गरीबच, आणि भाषाही तीच तमिळ, याचं जास्त वाईट वाटतं.

दरम्यान जाफनाच्या उथळ पाण्यात समुद्री काकडीची शेती वाढली आहे. हा प्राणी वाळू गिळतो, त्यातला कुजका अंश पचवतो आणि स्वच्छ वाळू बाहेर टाकतो. उकडून वाळवला की चीनकडे चढ्या भावानं जातो. पण त्यासाठी किनाऱ्याला जाळ्यांची कुंपणं पडतात, आणि तिथेच पायी कोळंबी धरणाऱ्यांची वाट अडते. याविरुद्ध जाफनाशेजारच्या किलिनोच्ची जिल्ह्यात आंदोलनंही झाली.

रामेश्वरमचे ट्रॉलर आठवड्यातून ठरलेले तीन दिवस निघतात. त्या रात्री पलीकडच्या होड्या किनाऱ्यावरच राहतात. पडद्यासारखं उभं जाळं पाण्यात सोडलं आणि त्यावरून ट्रॉलर गेला, तर सकाळी हाती फक्त तुकडे येतात. ते जाळं बहुधा कर्ज काढून घेतलेलं असतं.