दात आणि फिलिंग यांच्यामधली रेघ

सणाच्या दिवसांत फिलिंग निघालं किंवा कॅप हातात आली की सगळा दोष त्या शेवटच्या घासाला जातो. टॉफी फार चिकट होती, बदाम फार कडक होता. पण बहुतेक वेळा तो घास निमित्तमात्र असतो. काम आधीच ढिलं झालेलं असतं, आणि ढिलं होण्याची सुरुवात होते दात आणि फिलिंग जिथे एकमेकांना भिडतात त्या केसाएवढ्या रेघेवर. ही रेघ सांभाळली तर सणाचं खाणं फारसं सोडावं लागत नाही.

ही रेघ बनते कशी ते आधी बघू. 1955 मध्ये अमेरिकी दंतवैद्य मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवलं की दाताच्या एनॅमलला, म्हणजे वरच्या कडक आवरणाला, फॉस्फोरिक आम्ल लावलं की त्यावर ॲक्रिलिक हे प्लास्टिक कितीतरी घट्ट धरून बसतं. दाताच्या रंगाचं कंपोझिट फिलिंग, ज्याला बरेच जण ‘सिमेंट’च म्हणतात, ते आजही याच युक्तीवर टिकतं. आम्लाने एनॅमलवर सूक्ष्म खाचा पडतात, पातळ रेझिन (चिकट, प्लास्टिकसारखा द्रव) त्यांत शिरतं आणि निळ्या प्रकाशाने कडक होतं. कडक होताना ते किंचित आकसतं. म्हणजे जोड जन्मतो तोच ताण घेऊन.

त्यात भर पडते ती तापमानाची. गरम कॉफीचा घोट घ्यायचा आणि त्यावर लगेच आइस्क्रीमचा चमचा, हे मेजवानीत सहज होतं. उष्णतेने दात आणि फिलिंग दोन्ही फुगतात, थंडीने दोन्ही आकसतात, पण सारख्या प्रमाणात नाही. कंपोझिटचं हे फुगणं-आकसणं एनॅमलच्या साधारण दोन ते चार पट असतं, चांदीच्या फिलिंगचं सुमारे दुप्पट. 1952 मध्ये अमेरिकी संशोधकांनी फिलिंग भरलेले, काढून टाकलेले दात बर्फाच्या पाण्यात ठेवले आणि मग बोटांच्या उबेने गरम केले. फिलिंगच्या कडेतून पाण्याचे बारीक थेंब बाहेर येताना दिसले! थंडीत फट उघडते आणि द्रव आत ओढते, उबेत तो बाहेर ढकलते. तोंडात हा द्रव म्हणजे लाळ, साखर आणि जिवाणू. आजही नवीन फिलिंगचं साहित्य तपासताना प्रयोगशाळेत ते 5 आणि 55 अंश सेल्सिअसच्या पाण्यात आळीपाळीने शेकडो वेळा बुडवतात. म्हणून गरम आणि थंड यांच्यामध्ये दोन-चार मिनिटं जाऊ द्यावीत, मध्ये साध्या पाण्याचा एक घोट घ्यावा.

आंबट आणि गोड पेयांबाबत मात्र मी जास्त कडक आहे. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. एनॅमल साधारण 5.5 पीएचच्या खाली विरघळू लागतं. त्याच्या आतलं डेंटीन त्याहून आधीच, 6च्या थोडं वर असतानाच. कोलाचा पीएच 2.5च्या आसपास असतो, वाइनचा 3 ते 4. लाळ हे आम्ल निवळवते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. एक ग्लास जेवणासोबत संपवला तर लाळेला तेवढा वेळ मिळतो. तोच ग्लास संध्याकाळभर घोट घोट पीत बसलं तर प्रत्येक घोटाला घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. कंपोझिटला कीड लागत नाही, पण त्याला लागून असलेल्या दाताला लागते, आणि कीड शिरते ती याच रेघेतून. वय वाढून हिरड्या खाली सरकल्या की कॅपची कड बऱ्याचदा मुळाच्या उघड्या डेंटीनजवळ येते, म्हणून तिथे धोका अधिक. पिऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. लगेच ब्रश मात्र करू नका. आम्लाने मऊ झालेला थर घासला जातो.

कडक पदार्थांचं गणित वेगळं. सिरॅमिकची कॅप दाबाला भक्कम असते, पण ताण पडला की काचेसारखी तडकते. सपाट घास चावताना जोर पसरतो. बर्फाचा खडा किंवा फळाची बी दाढेखाली आली की तोच सगळा जोर एका टोकावर येतो. खऱ्या दाताच्या मुळाभोवती मऊ तंतूंचं अस्तर असतं. खडा लागताच ते मेंदूला कळवतं आणि जबडा थांबतो. इम्प्लांट, म्हणजे दाताचं कृत्रिम मूळ, थेट हाडात बसलेलं असतं, त्याला हे अस्तर नाही, त्यामुळे इशारा क्षीण आणि उशिरा येतो. इम्प्लांट असलेल्यांनी कवचाचे पदार्थ हाताने किंवा अडकित्त्याने फोडावेत. बाटलीचं झाकण दाताने उघडणं तर कोणीच करू नये.

तात्पुरती कॅप असेल तर चिकट पदार्थ त्या बाजूने अजिबात नकोत. ती मुद्दाम चिकटवण्याच्या कमजोर सिमेंटने बसवलेली असते, डॉक्टरांना ती पुढच्या वेळी काढायची असते. तिच्या आजूबाजूला फ्लॉस वापरताना तो वर न खेचता बाजूने सरकवून काढावा.

आणि एवढं करूनही कॅप निघालीच, तर ती टिशूत गुंडाळू नका. उष्ट्याबरोबर ती हमखास कचऱ्यात जाते. छोट्या डबीत ठेवा. घरातल्या झटपट गोंदाने चिकटवू नका: तो हिरडीला इजा करतो, आणि कॅप किंचित जरी तिरकी बसली तरी डॉक्टरांना ती पुन्हा नीट बसवता येत नाही. उघड्या दाताने चावू नका, गार पाणी टाळा आणि दोन-तीन दिवसांत दवाखाना गाठा. उशीर झाला की शेजारचे दात हळूहळू त्या मोकळ्या जागेकडे कलतात आणि तीच कॅप मग तिथे मावत नाही.