काडी पेटण्याआधी

बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, वर पाण्याचे थोडे थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखं करायचं. मग ते झाकण आणि हवेतला दमटपणा मोजणारं छोटं यंत्र एका पिशवीत घालून पिशवी हवाबंद करायची. रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी काटा ७५ वर दिसला तर यंत्र बरोबर आहे. ७१ दाखवत असेल तर ते चार अंकांनी मागे आहे, एवढं ध्यानात ठेवायचं.

वाचताना हा शाळेतला प्रयोग वाटेल, पण अनेक देशांतले सिगारचे शौकीन तो घरी नेमाने करतात. ज्या सिगारसाठी ही खटपट चाललेली असते ती अजून महिनाभर पेटणारसुद्धा नसते.

मी धूम्रपान करत नाही. तरी पेटवण्याआधीचे हे सोपस्कार मला अनेक वर्षं ओढून घेत आले आहेत. यातल्या काहींमागे पक्कं भौतिकशास्त्र आहे. काहींचं कारण केव्हाच संपलं आहे, तरी रीत चालू आहे. आणि काही फक्त डोक्यात घडतात. हे शेवटचे सगळ्यात ताकदवान, आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचे.

आधी मीठ. मीठ आता विरघळणारच नाही इतकं खारट पाणी बंद जागेत ठेवलं की तिथली हवा कोरडी असल्यास पाणी वाफ होऊन हवेत जातं आणि हवा जास्त दमट असल्यास मीठ ते ओढून घेतं. दोन्ही बाजूंची ओढाताण थांबते ती ७५ टक्के आर्द्रतेवर. हा आकडा आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराच्या ओळखीचा आहे. पावसाळ्यात मुंबईची आणि कोकणाची हवा या मर्यादेच्या वर जाते, तेव्हाच मिठाच्या बरणीला पाणी सुटतं.

तंबाखूचं पान पापडासारखं असतं. भोवतालच्या हवेत ओलावा वाढला की ते जास्त ओलावा धरतं, कमी झाला की सोडून देतं. साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान पान लवचीक राहतं आणि सिगार सावकाश जळते. त्याखाली ते ठिसूळ होतं, वरचं पान तडकतं, धूर गरम आणि झोंबरा लागतो. फार वर गेलं की सिगार सारखी विझते, आणि तिला बुरशी धरते. म्हणून ती ठेवायची पेटी हे एक वेगळंच शास्त्र होऊन बसलं आहे. पेटीला आतून जे लाकूड लावतात त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात, पण ते स्पेनचंही नाही आणि देवदारही नाही. हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड आहे, कडुनिंबाच्या कुळातलं, आपल्याकडच्या तूण वृक्षाचं अगदी जवळचं भावंड. त्याचं लाकूड ओलावा शोषतं, सोडतं आणि बुरशीला सहसा दाद देत नाही. त्याच्या वासाने कीड येत नाही असं बरेच जण मानतात, पण त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

कारण कीड येते. दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी, पाठीत वाकल्यासारखा दिसणारा किडा. त्याचं शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. इंग्रजीत हा तंबाखूच्या नावाने ओळखला जातो, पण साठवणीतली हळद, धणे, मिरची पोखरणारा किडाही हाच. मादी पानात अंडी घालते आणि पेटी उबदार झाली की अळ्या सिगारला आरपार भोकं पाडतात. यावर शौकिनांचा तोडगा असा की सिगारी चक्क बर्फाच्या कप्प्यात काही दिवस ठेवायच्या, मग फ्रिजमध्ये, मग खोलीत. घाई केली तर थंड पानावर दव धरतं, पान फुगतं आणि उलतं. चुलीवरून उतरवलेली काचेची बरणी थंड पाण्यात घालू नये हे ज्या घरात माहीत आहे तिथे हे समजावून सांगावं लागत नाही.

आता सिगार हातात आली. शौकीन ती कानाशी धरून बोटांत फिरवतात आणि करकर ऐकतात. जुन्या लोकांची ही फार आवडती खूण. पान कोरडं असेल तर आवाज येतो हे खरं, पण फिरवण्याच्या दाबाने ते कोरडं पान तडकतं हेही तितकंच खरं. दोन बोटांत अलगद दाबून बघितलं तर जास्त कळतं.

मग न पेटवताच तिचं उघडं टोक हुंगायचं. इथे नाकाला खरंच काही सांगण्यासारखं असतं. तंबाखूची पानं वाळवून मोठमोठ्या ढिगांत रचतात आणि आंबवतात. ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही. मधूनमधून तो उपसून पुन्हा रचावा लागतो. या काळात पानातली प्रथिनं मोडतात आणि अमोनिया बाहेर पडतो. तयार सिगारला तो उग्र वास येत असेल तर तिचं आंबणं पुरतं झालेलं नाही, हे हुंगणाऱ्याला काडी न लावताच कळतं.

तोंडाकडच्या टोकावर पानाचीच एक छोटी टोपी चिकटवलेली असते. ती कापण्याआधी काही जण टोक ओठांत ओलं करतात. बघायला किळसवाणं, पण त्यामागे कारण आहे. पाण्याचे रेणू पानाच्या तंतूंमध्ये शिरतात, तंतू एकमेकांवरून सरकू लागतात आणि ठिसूळ पान मऊ पडतं. सुकलेली केळीची पानं किंवा पत्रावळीची पानं वापरण्याआधी भिजवतात, त्याच कारणाने. चर्चिल वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, १८९५ मध्ये, क्युबाला गेले होते आणि सिगारने त्यांना जन्मभर सोडलं नाही. ते टोपी कापत नसत. टोक ओलं करायचं आणि लांब काडीने भोक पाडायचं ही त्यांची पद्धत. टोक चघळून लिबलिबीत होऊ नये म्हणून वरून तपकिरी कागदाची पट्टीही गुंडाळत.

भोक किती मोठं, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. नळीतून हवा ओढताना नळीची त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणून टोपी कापली की न पेटवता एक झुरका घेऊन बघायचा. आत पानांची गाठ पडली असेल तर ती तिथेच कळते. क्युबातल्या कारखान्यांत हीच तपासणी आता यंत्रावर होते.

टोक ब्रँडीत बुडवण्याची रीत मात्र शास्त्राच्या बाजूने उभी राहत नाही. बुडवलेला भाग जळतच नाही, त्यामुळे धुराची चव काही बदलत नाही. चव लागते ती ओठांना, आणि पान फुगून टोपी सुटते ते वेगळंच.

पेटवण्याची तऱ्हा बघण्यासारखी असते. काडी ओढल्यावर क्षणभर थांबतात, कारण गुलात गंधक असतं आणि त्याचा वास पानात उतरतो. गूल जळून गेला, नुसतं लाकूड जळू लागलं, की मग ज्योत जवळ आणायची. मेणबत्ती वर्ज्य, पेट्रोलवर चालणारा लायटर वर्ज्य. काही जण पेटीतल्या सीडरच्या पातळ पापुद्र्याची चिरफळी पेटवून तिच्यावर सिगार धरतात. ज्योत टेकवायची नाही. टोक बोटभर वर धरून हळूहळू फिरवायचं, वांगं निखाऱ्याच्या धगीवर धरावं तसं. कडा सगळीकडून सारख्या काळ्या पडल्या आणि मध्ये लाली आली की पहिला झुरका. ही रीत शहाणपणाची आहे. सगळं टोक एकसारखं तापलं नाही तर सिगार एका बाजूने जळत जाते आणि पुढे ती दुरुस्त होणं अवघड.

याउलट काही जुने लोक पेटवण्याआधी पूर्ण सिगार लांबीभर ज्योतीवरून फिरवत. त्यामागचं कारण असं सांगतात की एकोणिसाव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या काही सिगारी कडवट डिंकाने चिकटवत आणि ऊब दिली की तो कडवटपणा कमी होई. आजच्या सिगारीला बेचव, बिनवासाचा डिंक लागतो, तोही टोपीपुरता. डिंक गेला, ऊब देणारे हात मात्र दोन-तीन पिढ्या तसेच फिरत राहिले.

ते का फिरत राहतात, याचं उत्तर पानात सापडत नाही. २०१३ साली कॅथलीन व्होस, मायकेल नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना सांगितलं, चॉकलेटची वडी वेष्टनासकट मधोमध मोडा, एका अर्ध्याचं वेष्टन काढून तो खा, मग दुसऱ्याचं. बाकीच्यांना सांगितलं, हवी तशी खा. ठरावीक कृती करणाऱ्यांना तेच चॉकलेट जास्त चविष्ट लागलं, त्यांनी ते जास्त वेळ चाखत खाल्लं आणि त्यासाठी जास्त पैसे द्यायची तयारीही दाखवली. गाजराच्या बाबतीतही हेच घडलं. मात्र दुसऱ्याला कृती करताना नुसतं बघून हा परिणाम साधत नव्हता. हात स्वतःचेच हलावे लागतात.

त्याच्याही आधी मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत एक गोष्ट टिपली होती. दिवा लागला की थोड्या वेळाने फळाचा रस मिळतो, असं माकडाला शिकवलं. सुरुवातीला डोपामिन हे मेंदूतलं रसायन सोडणाऱ्या पेशी रस मिळाल्यावर चाळवत. शिकून झाल्यावर त्या दिवा लागतानाच चाळवू लागल्या, रस आला तेव्हा शांत. सुखाची खूण मागे सरकत सरकत तयारीच्या क्षणावर येऊन बसली होती. हुंगणं, कापणं, धगीवर फिरवणं हा सगळा तो दिवा आहे. निकोटीन काढून टाकलेली सिगारेट ओढूनही तलफ काही काळ भागते, असं प्रयोगांत दिसलं आहे, ते याचमुळे.

सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून ती कमी वाईट, असं तिचे चाहते सांगतात. हे मला मुळीच मान्य नाही. सिगारेटचा धूर किंचित आम्ल असतो, त्यातलं निकोटीन तोंडात फारसं शोषलं जात नाही, म्हणून तो फुप्फुसात न्यावा लागतो. आंबवलेल्या पानाच्या सिगारचा धूर अल्कधर्मी असतो. त्यात निकोटीनवरचा विद्युतभार निघून जातो आणि ते गालाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात उतरतं. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. आणि आंबवण्यात कर्करोगकारक नायट्रोसमाइन तयार होतात, ते मुखात, घशात, अन्ननलिकेत आपलं काम करत राहतात.

हे रसायनशास्त्र मी पहिल्यांदा पाहिलं ते आजोबांच्या तळहातावर. जेवण झालं की ते ओसरीवर बसत, कमरेची चंची सोडत, डाव्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू घेत. डबीतला चुना नखाने काढून अंगठ्याने मळू लागत. चुना अल्कधर्मी, त्यामुळे निकोटीन तसंच मोकळं होतं. कुणी शिकवलं नव्हतं, पण क्युबातल्या ढिगाचं काम आजोबांचा अंगठा दोन मिनिटांत करत होता. मग दोनदा थाप, भुकटी उडवायची, चिमूट खालच्या ओठाआड. आम्ही पोरं ती थाप ऐकूनच ओळखायचो की आता आजोबा गोष्ट सांगतील.

गालाच्या आतल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि चंची बंद झाली. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी तंतोतंत पाळलं, पुढे एकदाही तंबाखूला शिवले नाहीत. तरी दुपारी जेवून ओसरीवर आले की डावा हात मांडीवर उताणा पडायचा आणि उजवा अंगठा त्या रिकाम्या तळव्यावर फिरू लागायचा. थोड्या वेळाने दोनदा थाप.